चिक्कीच्या खोक्यातली नऊ बटणं

लोणावळ्याच्या बाजारपेठेत त्या मंगळवारी धुकं इतकं खाली उतरलं होतं की दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचता येत नव्हत्या. नाहीतर प्रेरणा त्या दुकानात शिरलीच नसती. तिला हवा होता चहा, आणि शिरली ती चिक्कीच्या दुकानात.

खंडाळ्याच्या एका बाईंना आईने शिवलेले ब्लाउज द्यायला ती आली होती. ते देऊन स्टेशनवर येईपर्यंत सकाळची शेवटची लोकल निघून गेली. ती एकदा चुकली की दुपारी बराच वेळ पुण्याकडे गाडी नाही, हे मावळात शेंबड्या पोरालाही ठाऊक. छत्री ठिबकत होती, ओढणी भिजली होती, आणि ती स्वतःवरच चिडलेली होती.

दुकानात कुणी दिसेना. नुसता आवाज येत होता. कट्... कट्-कट्... कट्. काउंटरच्या पलीकडे कुणीतरी खाली बसून काहीतरी मोडत असावं.

"चिक्की फोडताय का?" तिने विचारलं.

आवाज थांबला. काउंटरमागून आधी विस्कटलेले केस वर आले, मग चष्मा, मग हसू.

"नाही हो. टाइप करतोय."

त्याने हातातली वस्तू वर उचलून दाखवली. दीड वीत लांबीचा, दुधी रंगाचा कीबोर्ड. वायर नाही, बाजूला आकड्यांची पाटी नाही, काही नाही.

"एवढासाच?"

"एवढासाच. पण कामाला वाघ आहे." त्याने तो अलगद काचेवर ठेवला. "तुम्हाला चिक्की हवी होती ना? शेंगदाणा, तीळ, काजू—"

"चहा हवा होता," ती म्हणाली, आणि मग स्वतःलाच नवल वाटावं अशा आवाजात पुढे म्हणाली, "पण असा... बिनआवाजाचा मिळतो का?"

आता तिचं दुखणं सांगायला हवं. प्रेरणा हिंजवडीच्या एका कंपनीचं काम जूनपासून आपल्या गावी, परंदवडीत, घरी बसून करत होती. दिवसभर लोकांच्या तक्रारी यायच्या आणि ती टाइप करून उत्तरं द्यायची. छतातून गळलेलं पाणी लॅपटॉपवर पडलं तेव्हापासून त्याची निम्मी बटणं मुकी झाली होती. चुलतभावाने एक जुना, लांबलचक कीबोर्ड आणून दिला. पण घरात टेबल म्हणजे आईच्या शिलाई मशीनची फळी. त्यावर तो निम्मा बाहेर लोंबायचा आणि थांबत-थांबत, भलत्याच तालात खडखडायचा. फळी प्रेरणाने घेतल्यामुळे आई आता संध्याकाळी सहानंतरच शिवायला बसायची.

आणि पडद्यापलीकडे पप्पा झोपायचे. म्हणजे झोपायला हवे होते. राजेंद्र हे त्यांचं नाव; नवलाख उंबरे गावाजवळच्या एका कारखान्यात ते पत्रा दाबणाऱ्या प्रेसवर रात्रपाळीला होते. गेले दोन महिने त्यांना दिवसा झोप नव्हती. मागच्या आठवड्यात मशीनपुढे उभ्याउभ्या त्यांना डुलकी लागली. शेजारच्याने मागे ओढलं म्हणून बोटं वाचली. त्या दिवशी प्रेरणाने मनाशी ठरवलं होतं. महिनाअखेरपर्यंत आपली खडखड बंद झाली तर ठीक, नाहीतर पुण्याला हॉस्टेलवर राहायचं आणि ऑफिसात जाऊन काम करायचं. पप्पांची बोटं आधी, बाकी सगळं मागाहून.

एवढं सगळं ती त्या अनोळखी चष्मेवाल्याला सांगून बसली. दोष धुक्याचा. धुक्यात माणूस जरा जास्तच बोलतो.

त्याचं नाव कैलास. दुकान त्याच्या आजोबांचं, श्रीपतीआबांचं. ते गल्ल्यावर बसून पेंगत होते. काउंटरचं एक टोक कैलासने मागून घेतलं होतं. तिथे तो कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि कीबोर्ड जुळवायचा. त्याने खालून चिक्कीचं एक खोकं काढलं. झाकण उघडलं तर आत वड्यांच्या जागी नऊ बटणं बसवलेली.

"आमच्याकडे चव बघितल्याशिवाय माल देत नाहीत. प्रत्येक बटणाच्या पोटात वेगळी स्प्रिंग आहे. डोळे मिटा."

"डोळे कशाला?"

"चव डोळ्यांनी बघतात का?"

तिने डोळे मिटले. बोट पहिल्या बटणावर टेकलं, दाबलं... कट्! कडक शेंगदाणा चिक्कीचा तुकडा दाताखाली मोडावा तसा स्वच्छ, खुसखुशीत आवाज. तिने पुन्हा दाबलं. आणि पुन्हा. बाहेर पाऊस, आत गुळाचा वास, आणि बोटाखाली ते कट्-कट्... किती वेळ गेला कुणास ठाऊक.

"अकरा वेळा," कैलास म्हणाला.

तिने दचकून डोळे उघडले. "काय?"

"अकरा वेळा दाबलंत. हाच आवडलाय तुम्हाला."

"आवडून काय करू? हा गाव जागा करेल."

"मग हे शेवटचं. हा आमचा फज. तोंडात विरघळतो, आवाज नाही."

नववं बटण खरंच मुकाट खाली गेलं, मुकाट वर आलं. "चांगलाय," ती म्हणाली. लांबच्या नात्यातल्या एखाद्या स्थळाविषयी बोलावं तशी.

कैलासला ते कळलं. पण त्याने फज-बटणांचा छोटा कीबोर्ड खोक्यात घालून दिला. "आठ दिवस वापरून बघा. नाही पटला तर परत आणा."

"आणि पटला तर?"

तो अडखळला. चष्मा उगाच पुसला. "तर... तरी एकदा सांगायला या."

दुसऱ्या मंगळवारी ती आली. सुट्टीचा तिचा वारच तो. कीबोर्ड तसा गुणाचा होता. फळीवर ऐटीत मावायचा, वीज गेली तरी चालायचा, दिवसाकाठी मनगट दुखायचं तेही थांबलं. एक बटण दाबलं की लॅपटॉप, दुसरं दाबलं की फोन. आता खोट काढायची तरी कुठून? पण इच्छा असली की खोट सापडते.

"स्पेसबार कुरकुरतो," ती गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

कैलासने कान लावून ऐकलं. "हो. फारच."

त्याने ग्रीस लावलं. त्याला दीड तास लागला. त्या दीड तासात तिला कळलं की त्याला चहात आलं जास्त लागतं, गाणं म्हणताना तो शब्द विसरतो, आणि पर्यटकांनी चिक्कीला चॉकलेट म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. त्याला कळलं की ती हसू दाबते तेव्हा तिच्या डाव्या गालाला खळी पडते. पण हे त्याने तिला सांगितलं नाही.

तिसऱ्या मंगळवारी स्पेसबार पुन्हा कुरकुरला. या वेळी दोघांनी मिळून ग्रीस लावलं, आणि एवढ्याशा त्या वस्तूवर चार हात म्हणजे बोटाला बोट लागणारच. लागलं. दोघंही एकदम "सॉरी" म्हणाले, आणि हात मात्र कुणीच मागे घेतला नाही.

गल्ल्यावरून आबांनी एक डोळा उघडला. "पोरी, चव बघून बघून किलोभर झाली की गं! कवा घ्यायचं?"

प्रेरणा कानापर्यंत लाल झाली. परतीच्या लोकलमध्ये खिडकीबाहेर मळवली, कामशेत, कान्हे मागे पडत होते, भातखाचरांवर ढग टेकले होते, आणि तिला काही म्हणता काही दिसत नव्हतं. ती प्रेमात पडली होती. साधं, सरळ, गळ्याइतकं.

पण घरी वेगळंच चाललं होतं. त्या मुक्या कीबोर्डाने घर इतकं शांत झालं होतं की भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. आणि पडद्यापलीकडे पप्पांनी कूस बदलली की खाट कुरकुरायची. दर दहा मिनिटांनी. त्यांचे डोळे तांबारले होते. "काम कर तू, माजं काय न्हाई," एवढंच ते म्हणायचे.

म्हणजे कीबोर्डचा दोष नव्हता, तिने हिशेब लावला. आपलं तिथं असणंच त्यांना खुपतंय. आपली खुर्ची, आपली हालचाल, आपला श्वास. तिने हॉस्टेलची जागा पक्की केली, आणि कैलासला निरोप टाइप केला: "रविवारी पुण्याला राहायला जातेय. कीबोर्ड कुणाबरोबर तरी परत पाठवते. स्पेसबार आता कुरकुरत नाही." शेवटचं वाक्य लिहिताना तिचे डोळे भरून आले. त्या बटणांचा आवाज नव्हता, तेवढंच बरं.

चौथ्या मंगळवारी ती लोणावळ्याला गेली नाही. दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून आईने तिला गच्चीवरचे कपडे काढायला पाठवलं. आणि नेमका तेव्हाच कैलास दारात उभा राहिला. गावात घर विचारत आलेला, भिजलेला, काखेत चिक्कीचं खोकं.

"बसा की," खोकं ओळखून प्रेरणाची आई, नंदाबाई, म्हणाल्या. "ती वर कापडं काढतीय. काय आणलंय?"

"कीबोर्ड. वाजणारा." त्याने ओशाळून खोकं उघडलं. "प्रेरणाला पहिल्या दिवशी हाच आवडला होता. पुण्यात कुणाची झोप मोडायची नाही, म्हटलं तिथे तरी... मनासारखा वापरू दे."

नंदाबाईंनी त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं. बायकांना काही गोष्टी दोनदा सांगाव्या लागत नाहीत. "चालतोय का बघा तरी."

"पण काका झोपलेत ना?"

"झोपत्यात कुटं? अडीच म्हैनं झालं, डोळ्याला डोळा न्हाई. आत्ताबी जागंच हायेत. वाजवा."

चव बघितल्याशिवाय माल द्यायचा नाही, हा तर दुकानाचा नियमच. कैलास मशीनच्या फळीशी बसला, फोन दोऱ्याच्या रिळांना टेकवून उभा केला आणि टाइप करू लागला. कट्-कट्-कट्, कट्-कट्...

बऱ्याच वेळाने कपडे घेऊन उतरताना प्रेरणाने जिन्यावर तो आवाज ऐकला. तो आलाय, हे आधी कळलं. पप्पा झोपलेत, हे मागाहून. कपड्यांचा ढीग छातीशी धरून ती धावत खाली आली. "बंद करा! पप्पा—"

कैलासची बोटं हवेतच थांबली.

आणि त्या शांततेत पडद्यामागे घोरण्याचा एक चांगला भरात आलेला सूर मधेच अडकला. खाट करकरली.

"थांबू नगा!" नंदाबाई दबक्या आवाजात ओरडल्या. "वाजवा!"

कट्-कट्-कट्. पडद्यामागे सूर पुन्हा लागला.

मग नंदाबाई हळूच भिंतीला टेकल्या. "आगं माजी मशीन..." त्या पुटपुटल्या. "ईस वर्सं ह्यांनी माज्या मशीनीच्या आवाजावर झोप काढली. तू कामाला बसलीस, आन म्या मशीन बंद केली... तवापास्नं."

"पण पप्पांनी सांगायचं ना!"

"तुज्या कामाच्या आड कसं यायचं? आन तू तरी कुटं इचारलंस त्यास्नी?"

खरंच होतं. तिने सगळं केलं होतं. कीबोर्ड बदलला, श्वास दाबला, गाव सोडायचं ठरवलं. फक्त विचारलं नव्हतं. नंदाबाई डोळे पुसत चहा टाकायला आत गेल्या, आणि चहाला लागतो त्याच्या तिप्पट वेळ त्यांनी लावला.

प्रेरणा कैलासशेजारी स्टूल ओढून बसली. "थांबू नका," ती कुजबुजली. "लिहीत राहा."

"काय लिहू?"

"काहीही."

फोनवर अक्षरं उमटू लागली. *स्पेसबार कधीच कुरकुरत नव्हता.*

"माहितीय," ती म्हणाली. गालाला खळी.

*तरी मी दोनदा ग्रीस लावलं. मंगळवार सोडून बाकीचे सहा दिवस दुकानात फार मोठे असतात. तुमचा निरोप आला तेव्हा वाटलं, आता आठवडाभर बुधवारच. आणि मला तुम्हाला सांगायचं होतं की मला—*

बोटं थांबली. पडद्यामागचा सूर अडखळला.

"लिहा ना..."

"जमत नाहीये."

"पप्पा उठतील!"

कैलासने तिच्याकडे पाहिलं आणि डोळे मिटले. मग एका दमात, कट्-कट्-कट् करत त्याने वाक्य पुरं केलं. *मला तुम्ही आवडता. फार.*

त्याने डोळे उघडायच्या आत तिने कीबोर्ड आपल्याकडे ओढला होता. तिची बोटं त्या कडक, खुसखुशीत बटणांवरून अशी धावली, जणू तीन आठवडे उपाशी होती.

*तुम्ही नाही. तू. मी पुण्याला जात नाही. आणि हा कीबोर्ड मी परत देणार नाही.*

त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग तिचा डावा हात हळूच आपल्या उजव्या हातात घेतला... आणि तिची बोटं थांबली. घर एकदम शांत झालं. बाहेर पागोळ्यांचं पाणी तेवढं टपटपत होतं.

"नंदे," पडद्यामागून झोपाळू आवाज आला, "मशीन का गं थांबली?"

"दोरा तुटला व्हता," स्वयंपाकघरातून नंदाबाई म्हणाल्या. "झोपा तुमी. ओवलाय आता."

दोघांनी घाईघाईने कीबोर्ड मधोमध घेतला. गुंफलेले हात काही सुटेनात, सोडायची इच्छाही कुणाला नव्हती. मग डावीकडून त्याचा डावा हात आणि उजवीकडून तिचा उजवा, असे दोघं मिळून टाइप करू लागले. फोनवर काय उमटत होतं, ते दोघांनीही वाचलं नाही. पडद्यामागे पप्पा घोरू लागले होते.