मला विजेचे झटके देणारा मुलगा

वगीह मला पहिल्यांदा भेटला तेव्हा माझे दोन्ही हात खुर्चीला पट्ट्यांनी बांधलेले होते, आणि तो मला विजेचे झटके द्यायला आला होता.

कैरोच्या टीव्हीवरच्या गुप्तहेर मालिकेचं चित्रीकरण होतं ते. त्या भागात मानसशास्त्राचा एक प्राध्यापक प्रयोगाच्या नावाखाली विद्यार्थ्यांचा छळ करतो, त्यात एक मुलगी मरते आणि मग इन्स्पेक्टर येतो. मरणारी मुलगी मी, इन्शिराह. प्राध्यापकाच्या हुकमावरून बटण फिरवणारा मदतनीस वगीह.

त्यानं बटण फिरवलं आणि हळूच पुटपुटला, "माफ करा हं..."

"कट!" दिग्दर्शक ओरडले. "अरे, झटका देतोयस की मुलुखियाच्या भाजीत मीठ घालतोयस? जरा दुष्ट दिस!"

"कसा दिसू, साहेब? त्या बघताहेत माझ्याकडे."

"मग मिटू का डोळे?" मी विचारलं.

"नको..." त्याचे कान लाल झाले. "म्हणजे — असू द्यात."

मला हसू फुटलं. मरता मरता हसणारी मुलगी कुणाला चालणार? दुपार झाली तरी मी काही मरेना. संध्याकाळी तो मला ट्रामपर्यंत सोडायला आला. वाटेत आम्ही उसाचा रस प्यायलो, आणि बोलण्याच्या नादात समोरून तीन ट्राम जाऊ दिल्या.

पुढे एका गुरुवारी तो आईला घेऊन आमच्या शुब्रा मोहल्ल्यातल्या घरी मागणी घालायला येणार असं ठरलं. नेमका आदल्या रात्री तो भाग टीव्हीवर लागला! सगळी इमारत आमच्या खोलीत जमली होती. शेजारच्या तफीदाबाईंनी तर पडद्यावरच्या वगीहच्या तोंडावर चप्पल फेकली. फुटलेली काच आमच्या टीव्हीची होती.

गुरुवारी आमच्या राखणदारानं, इद्रीसकाकांनी, त्याला दारातच अडवलं.

"पोरी मारतोस, आणि वर मिठाई घेऊन येतोस?"

मी सज्ज्यातून ओरडले, "इद्रीसकाका, मी जिवंत आहे!"

"तू गप्प बस, पोरी! काल मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय!"

शेवटी आईनं खाली जाऊन वगीहला आणि त्याच्या आईला वर आणलं. बाबा रेल्वेतून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे.

"ते नाटक होतं, एवढं कळतं मला," ते म्हणाले. "पण तो प्राध्यापक म्हणाला फिरव, की तू फिरवलंस. एकदा तरी नाही म्हणायचंस!"

"काका, लिहिलेलंच तसं होतं..."

तेवढ्यात आईनं त्याच्या ताटात भात भरलेली द्राक्षाची पानं तिसऱ्यांदा रचली. बिचारा घामाघूम होऊन खात होता.

"बघा! इथंही नाही म्हणवत नाही," बाबा म्हणाले. "बरं, ऐक. हा नटाचा धंदा सोड. माझ्या मेहुण्याच्या कचेरीत जागा आहे. हो म्हण, आत्ता फातिहा वाचून लग्न ठरवू."

वगीहनं तोंडातलं पान कसंबसं गिळलं.

"नाही, काका."

त्याच्या आईनं त्याला कोपरानं ढोसलं. तो थांबला नाही.

"इन्शिराह मला हवी आहे... फार हवी आहे. पण कचेरीत मी रोज तोंड पाडून बसेन, आणि घरी येऊन ते तोंड तिलाच बघावं लागेल. म्हणून — नाही."

बाबांनी त्याच्या ताटाकडे बघितलं. मग आईला म्हणाले, "अगं, काढून घे ते ताट त्याच्यापुढून. जावई मरेल आपला!"

फातिहा झाली. थोड्या वेळानं तो सज्ज्यात माझ्याजवळ आला.

"बाबा हो म्हणाले..."

"मला कुणी विचारलंय?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "मग... करशील माझ्याशी लग्न?"

मी तोंड उघडलं, आणि पडद्याआडून आईनं जीभ नाचवत आनंदाची अशी काही किलकारी ठोकली, की गल्लीतल्या सगळ्या बायकांनी आपापल्या खिडक्यांतून ती उचलून धरली. त्या गदारोळात माझं उत्तर त्याला ऐकूच आलं नाही.

"काय म्हणालीस?" तो ओरडला.

मग मला त्याच्या अगदी कानाशी जाऊन ते पुन्हा सांगावं लागलं.