कडीवरचं टोपरं

कुमार सर भूगोलाचे. विद्यार्थी समुपदेशन कक्ष त्यांच्या गळ्यात पडला तो त्यांना मनातलं कळतं म्हणून नव्हे, तर मंगळवारी त्यांचा तिसरा तास मोकळा होता म्हणून. भोरच्या त्या कॉलेजात कक्ष म्हणजे जिन्याखालची खोली, दोन खुर्च्या आणि भिंतीला टेकवलेले जुने नकाशे. चार वर्षांत तिथे दोन भेटींची नोंद झाली होती. एक मुलगा छत्री विसरून गेला ती, आणि तोच ती न्यायला आला ती.

सर थकले होते. कशानं, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. कुणी "कसं काय?" म्हटलं की "बरं चाललंय" हे उत्तर वजनकाट्यातून चिठ्ठी पडावी तसं आपसूक बाहेर पडायचं. विचारणाराही ती चिठ्ठी न वाचताच पुढे जायचा.

नोव्हेंबरात विद्यापीठाकडून सुलक्षणा नावाची तरुण संशोधक प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आली. लहानपणी काय काय सोसलं आणि आता मन कसं आहे, याचा अभ्यास होता. दहा प्रश्न, होय किंवा नाही. नाव लिहायचं नाही, नुसता हजेरी क्रमांक.

सरांनी आधी हजेरी घेतली. वर न बघता हजेरी घेणं ही त्यांची एकवीस वर्षांची कमाई होती. एकेचाळीस आकडे, एकेचाळीस वेळा "हजर, सर".

मग कागद वाटले. पहिल्या बाकावरच्या अमृतनं हात वर केला.

"सर, 'घरात मारहाण व्हायची का?' म्हणजे कशानं?"

"होय किंवा नाही, एवढंच लिही."

"मग नाही. हातानंच मारायचे."

वर्ग हसला. सरही हसले. सुलक्षणा हसली नाही.

संध्याकाळी ती गठ्ठा घेऊन जिन्याखाली आली. "सर, सगळ्यांनी सगळ्याला 'नाही' लिहिलंय. भोरच्या पाण्यात आहे तरी काय?"

"डोंगराकडची पोरं आहेत, बाई. कुरकुर करत नाहीत."

"आणि कागद चाळीसच आलेत. सत्तावीस नंबरचा नाही. हजेरी तर एकेचाळीसची आहे ना?"

दुसऱ्या दिवशी सरांनी पंचविसापासून मान वर ठेवली. मानेला सवय नव्हती, दुखली. सव्वीस म्हटल्यावर एक मुलगी "हजर" म्हणाली. सरांनी पुढचा आकडा घेतला.

"सत्तावीस."

"हजर, सर."

आवाज शेवटच्या बाकावरून आला. बारीक, स्वच्छ. सहा-सात वर्षांच्या मुलाचा असतो तसा. शेवटचा बाक रिकामा होता. त्यावर खिडकीतलं ऊन पडलं होतं, आणि उन्हात धूळही हलत नव्हती.

कुणी मागे वळून बघितलं नाही. सरांनी अठ्ठावीस म्हटलं, कारण सत्तावीसनंतर तेच येतं.

तास संपल्यावर त्यांनी अमृतला थांबवलं. सत्तावीस नंबरचा गोरख त्याच्याच खोलीत राहायचा.

"गोरख? दिवाळीला घरी, पासलीला गेला तो आलाच नाही, सर. तीन आठवडे झाले."

"मग हजेरी कोण देतं?"

"कुणीतरी देतंय मागनं. आमी काय कधी वळून बघितलं नाही."

"फोन केला होतास?"

"केला की. बरा हायस का म्हटलं की हाय म्हणतो." अमृत जरा घुटमळला. "जायच्या आधी रातरात जागाच असायचा, सर. जेवायचा पण नाही. आवाज बी लहान झालाय त्याचा."

कुमार सरांनी रजेचा अर्ज लिहिला. कारणाच्या रकान्यात 'समुपदेशन' लिहिताना त्यांना स्वतःचंच नवल वाटलं.

नसरापूरपर्यंत एसटी, तिथून वेल्हे, आणि पुढे पासलीपर्यंत दाटीवाटीनं भरलेली जीप. भात काढून झालं होतं. खाचरात नुसती खुंटं उरली होती आणि खळ्यांवर पेंढ्यांच्या उडव्या रचलेल्या. हा मुलूख सरांना पाठ होता. ते वेल्ह्याकडचेच. लावणीच्या दिवसांत इकडे घरातली सगळी मोठी माणसं चिखलात असायची. लहान पोराला भाकरी-पाणी देऊन आत ठेवायचं, बाहेरून कडी लावायची, आणि कडीला पोराचं टोपरं अडकवायचं. वाटेनं जाणाऱ्यानं टोपरं बघितलं की हाक द्यायची, "हाय का रं?" आतून "हाय" आलं की पुढे जायचं. नाही आलं, तर कडी काढून बघायचं. अख्खा गाव मिळून पोर सांभाळायचा, जाता जाता.

सरांचं टोपरं निळं होतं.

गोरखची आई, रत्ना, अंगणात सूप घेऊन भात पाखडत होती. कॉलेजचे सर म्हटल्यावर तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला.

"या की, बसा. गोरख हाय आत. परवाधरनं आब्यास करतोय."

"जेवला का?"

"जेवत आसंल की. म्या दिसभर खळ्यावर. आल्या-गेल्या हाक मारते." तिनं पडवीतल्या बंद खोलीकडे तोंड केलं. "गोरख, हाय का रं?"

"हाय."

ती समाधानानं पुन्हा पाखडू लागली.

सरांनी खोलीच्या दाराकडे बघितलं. कडी बाहेरून लागलेली होती. तिच्यावर लाल टोपरं होतं, विटलेलं, गोंड्याचा एक दोरा सुटलेला.

"कडी तुम्ही लावलीत?"

"न्हाई वो. वाऱ्यानं पडली आसंल."

"आणि टोपरं?"

रत्नाचं सूप थांबलं. "आगं बया. त्याचंच हाय. म्या चुलीत घातलं हुतं त्ये, त्या सालीच."

"कुठल्या साली?"

"त्यो सात वर्साचा आसंल. लावणीत वढा चढला, आमी दोगं पल्याड आडाकलो. दोन दिस. आलो तवा पोरगं तापानं फनफनलेलं, भाकरी तशीच. समदा गाव दारावरनं गेला हुता, पर कडी कुनी काढली न्हाई." ती सहज सांगत होती, जुन्या पावसाचं सांगावं तशी. "काढतील कशाला? हाक मारली की 'हाय' म्हनायचा नव्हं!"

सर उठले.

"गोरख," ते दाराशी म्हणाले, "बरा आहेस का?"

"हाय."

आवाज दाराला अगदी चिकटून आला. सरांच्या कमरेच्या उंचीवरून.

त्यांनी टोपरं काढलं. ते ओलं होतं, गरम होतं.

त्यांनी कडी काढली.

दाराजवळ कुणी नव्हतं. वीस वर्षांचा गोरख पलीकडच्या भिंतीशी, जमिनीवर, गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. ओठ फुटले होते. डोळे उघडे होते. नखं मातीनं भरलेली होती.

रत्ना किंचाळली नाही. तिनं नुसता तांब्या आणला. दोन तांबे पाणी प्यायल्यावर त्याला घोगरा, मोठ्या माणसाचा आवाज फुटला.

"मी ओरडत होतो, सर. माझं ऐकूच जात नव्हतं. तोच बोलायचा."

"कोण?"

गोरखनं दाराकडे बघितलं.

त्याच जीपनं त्याला वेल्ह्याला नेलं, तिथून पुण्याला. मेंदूच्या नव्हे, मनाच्या डॉक्टरांकडे, हे रत्नाला तीनदा सांगावं लागलं. तीन-चार महिने लागतील, पण मुलगा उभा राहील, असं डॉक्टर म्हणाले. आठव्या दिवशी तो पेज प्यायला आणि आईवर चिडलाही. ते चांगलं लक्षण होतं म्हणे.

सोमवारी कुमार सर वर्गावर गेले. प्रश्नावल्या पुन्हा भरून घ्यायच्या ठरल्या होत्या. या वेळी त्यांनी हजेरीपुस्तक उभं धरलं आणि एकेका चेहऱ्याकडे बघत आकडे घेतले.

सत्तावीसला कुणी बोललं नाही. सरांनी श्वास सोडला.

बाकी चाळीस वेळा "हजर, सर" आलं. चाळीसही मुलं समोर होती.

ओठ हलले ते अकरा जणांचे.

सर पुस्तकावर हात ठेवून उभे राहिले. अमृत खिडकीबाहेर बघत होता, तोंड घट्ट मिटून.

तेवढ्यात प्राचार्यांनी दारातून डोकं आत घातलं. "काय कुमार सर, बरं आहे ना सगळं?"

सरांना सांगायचं होतं. शब्दही जुळले होते. त्यांनी तोंड उघडलं, त्याच्या आधीच त्यांच्या कमरेच्या उंचीवरून एक बारीक, स्वच्छ आवाज आला.

"हाय."

"छान," प्राचार्य म्हणाले, आणि दार ओढून घेऊन पुढे गेले.