रूममध्ये अजून दोन जण

खोटं वाटलं तर खुशाल खोटं समजा. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला आहे, दिवसभर लोकांचं रक्त काढते. उगाच घाबरणाऱ्यातली नाही मी. माझी आई फोनवर काही वाचत नाही, म्हणूनच हे इथे लिहायची हिंमत होतेय.

मुलुंड पूर्व. दुसऱ्या मजल्यावरचं आमचं घर. एप्रिल २०२४, मंगळवार, दुपारचे साडेतीन.

हो, दुपारचेच. खाली भंगारवाला ओरडत होता.

पण आधीचं सांगते, नाहीतर काही कळणार नाही.

सुयोग माझा धाकटा भाऊ. सव्वीस वर्षांचा. त्याच्याकडे व्हिडिओ गेमचा एक जुना, सेकंडहँड कन्सोल होता. बाबा त्याला डबडं म्हणायचे. त्या डबड्यावर तो ऑनलाइन गाड्यांची रेस खेळायचा, वर्सोव्याच्या परेशबरोबर. परेश तिथल्या कोळीवाड्यातला. दोघं पाच वर्षं रोज गेममधल्या एकाच 'रूम'मध्ये खेळले, हेडफोनवर एकमेकांना शिव्या घातल्या, पण भेटले कधीच नाहीत. एवढ्या लांब कोण जाणार, असं दोघांचंही म्हणणं.

फेब्रुवारीत सुयोगला डेंग्यू झाला. हॉस्पिटलला नेताना रिक्षात बसवलं तर तापातच म्हणाला, "तायडे, गेम बंद करू नको हां. रूममध्ये परेश थांबलाय. आलोच मी."

आला नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. आता फक्त मशीन श्वास घेतंय म्हणाले. किती दिवस ठेवायचं ते घरच्यांनी ठरवायचं होतं. बाबा बाकावर बसले होते, त्यांना काही ऐकूच जात नव्हतं. आई घरी होती.

सही मी केली.

आईला सांगितलं, झोपेत गेला. तिला आजही तेवढंच माहीत आहे.

दहाव्याला खाडीच्या काठी पिंड ठेवला. कावळा शिवेना. तास झाला, दीड तास झाला. काकांनी सगळं कबूल करून पाहिलं. आईबाबांना सांभाळू, मानसीचं, म्हणजे माझं, लग्न लावून देऊ. कावळे फांदीवर बसून नुसते बघत होते. शेवटी मीच पुढे झाले. हात जोडले आणि तोंडाला आलं ते बोलले.

"सुयोग, तुझा गेम बंद करणार नाही. कधीच."

कावळा लगेच खाली आला.

तेव्हा मला बरं वाटलं होतं. किती मूर्ख होते मी.

कन्सोल तसाच चालू राहिला. लाइटचं बिल बघून बाबा कुरकुरले, पण कुणी हात लावला नाही. मग बातमी आली की तो कन्सोल आता जुना झाला, म्हणून कंपनी त्याची ऑनलाइन सेवा जगभर बंद करतेय. तारीख ठरलेली. तोच मंगळवार.

साडेतीनला परेशचा फोन आला. सुयोग गेला तेव्हा मीच त्याला कळवलं होतं.

"ताई, डबडं चालू आहे ना?"

"आहे."

"हात लावू नका. बाकीचे सगळे उडाले. जो आत राहिलाय तो स्वतः बंद करेपर्यंत आतच राहतो, असं वाचलं मी. एकदा बाहेर पडलं की खेळ खल्लास. परत एंट्री नाही."

मी टीव्ही लावला.

रूममध्ये २ जण.

पापलेट, म्हणजे परेश. आणि मुलुंडकर, म्हणजे आमचा सुयोग.

एरवी त्या रूममध्ये कुठकुठल्या देशांतली पोरं कोकलत असायची. आता सगळं शांत. मी टीव्हीसमोर उभी होते. टेबलावर सुयोगचा हेडफोन पडला होता. आणि त्या हेडफोनमधून...

श्वास.

मी फोनवर म्हणाले, "परेश, सर्दी झालीये का रे? केवढ्याने श्वास घेतोयस."



"ताई, माझा माईक काढलेला आहे. मला वाटलं तुम्ही आहात."

तेवढ्यात पडद्यावरची सुयोगची लाल गाडी... हलली.

कंट्रोलर आईच्या कपाटात होता. साड्यांच्या खाली, सेल काढलेला.

गाडी हळूहळू पुढे गेली. शेवटच्या रेषेच्या अलीकडे थांबली. तिथेच थांबून राहिली. परेश मागे पडला की सुयोग नेहमी असाच थांबायचा, आणि मग दोघं एकदम रेषा ओलांडायचे. फोनवर परेश रडत होता. मोठा बाप्या माणूस, हुंदके देऊन रडत होता.

आईपासून लपवणं शक्यच नव्हतं. संध्याकाळी तिने हेडफोन कानाला लावला आणि बराच वेळ तशीच बसली.

"हंयच हा माझो झील," ती मालवणीत म्हणाली. "बघ, कसो घोरता."

त्या दिवशी दोन महिन्यांनी ती पोटभर जेवली.

मग रोजचंच झालं. आई ताट घेऊन टीव्हीसमोर बसायची, त्याला दिवसभराचं सांगायची. कधीकधी मधूनच... "हं" असं यायचं. आईचा चेहरा उजळायचा. ती केसांना तेल लावायला लागली, शेजारच्या सुगंधामावशींकडे जायला लागली. मला माझी आई परत मिळाली होती. म्हणून मी गप्प बसले.

पण मे महिन्यात तो श्वास बदलला.

एक ओढ. मग काहीच नाही... मग पुन्हा ओढ. खालून खरवडून काढल्यासारखी.

मला तो श्वास पाठ होता. मशीन काढल्यावर सहा तास मी तो ऐकत बसले होते. आई तेव्हा तिथे नव्हती. तिला वाटायचं, पोरगा झोपलाय.

रोज तो श्वास जास्त जड व्हायचा. मी कामावर जायचे, सुई टोचताना शीर चुकायची. घरी यायचे तर दारातच ऐकू यायचा. माझ्या भावाचा जीव जात होता. रोज जात होता आणि जात नव्हता. मी दिलेल्या शब्दामुळे.

त्यातच सोसायटीची नोटीस लागली. मीटर बदलायचे, शुक्रवारी अकरा ते चार लाइट नाही. मी सेक्रेटरी शिवदासकाकांच्या अक्षरशः पाया पडले.

"अगं, डोकं ठिकाणावर आहे का? एका गेमसाठी?" ते म्हणाले.

गेम नाही काका, असं म्हणायचं होतं मला.

दुकानातून यूपीएस आणला. दुकानदार म्हणाला, जेमतेम अर्धा तास चालेल. समोरच्या बिल्डिंगमधून वायर ओढायचं ठरलं. आई स्वतः त्यांना विनवायला गेली.

अकराला लाइट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला. घरात मी एकटी. पंखा बंद, फ्रिज बंद. घरात दुसरा आवाजच उरला नाही. हेडफोन टेबलावर होता, तरी भिंतीपर्यंत ऐकू येत होतं. एक ओढ... मग काहीच नाही...

मी जमिनीवर बसले. टीव्हीवरच्या त्या लाल गाडीला विचारलं, "सुयोग, बंद करू का रे? सुटशील का तू?"

श्वास थांबला.

संपला नव्हता. थांबला होता... माझं ऐकायला.

यूपीएसमध्ये अजून दहा मिनिटं होती. आई येऊ शकली असती. वायर मिळू शकली असती. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही.

मी बटण दाबलं.

पडदा काळा झाला. मी तोंडात ओढणी कोंबून रडले. पण खरं सांगते, सुटल्यासारखंही वाटलं. आई वर आली, तिला म्हटलं बॅटरी संपली. ती दारातच खाली बसली.

बारा वाजता परेशचा फोन.

"ताई, जमवलंत ना वायरचं? मी इथे देव पाण्यात घालून बसलोय."

"नाही जमलं रे. बंद झाला. संपलं."



"मग ताई, रूममध्ये अजून दोन जण कसे दिसतायत?"

त्याने फोन हेडफोनजवळ धरला. आता ती ओढ नव्हती. आवाज मोकळा होता, ताप यायच्या आधीसारखा.

"परेश, तायडी कुठे गेली रे?"

चारला लाइट आल्याबरोबर मी कन्सोल लावला. सेवा उपलब्ध नाही. पुन्हा लावला. सेवा उपलब्ध नाही. रात्रीपर्यंत मी तेच करत होते. बाबांनी शेवटी माझ्या हातातून वायर काढून घेतली.

परेशने तेव्हापासून त्याचा कन्सोल बंद केलेला नाही. तो समुद्रावरही जात नाही. सुयोग दिवसभर एकच विचारतो म्हणे. वर्सोव्याला जायचं मी पावसाळाभर टाळलं. दोनदा निघाले आणि अंधेरीहून परत फिरले. शेवटी दसऱ्यानंतरच्या रविवारी गेलेच. ठरवून गेले होते की हेडफोन लावायचा, त्याला सगळं सांगायचं. सहीचंसुद्धा.

परेशची आई, मथुरामावशी, अंगणात सुकट पसरत होती. तिने मला पाणी दिलं, पण डोळ्याला डोळा भिडवला नाही. आत टीव्हीचा उजेड दिसत होता. परेश दारात आला. खूप वाळला होता. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो, तरी तो बाजूला होईना.

"आत जाऊ दे ना रे," मी म्हणाले.

"ताई, तो आता तुमचं विचारत नाही."

"मग?"

परेशने दार अर्धं ओढून घेतलं. अगदी हळू बोलला, आतल्या कुणाला ऐकू जाऊ नये असं.

"सकाळपासून तो एकच सांगतोय, तायडी येईल. तिला सांगू नको मी इथे आहे."

मी चपला काढल्याच नव्हत्या. तशीच परत आले. आई अजून रोज विचारते, त्या वर्सोव्याच्या मुलाकडे जाऊन येऊया का म्हणून. मी तिला सांगते, त्याचा नंबर लागत नाही.