गिरणीचा डोह

जरा पुढे सरकून बसा, शेगडीपाशी. हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. भीतीपोटी नव्हे, लाजेपोटी.

मार्चअखेरीस आमच्या कुरुएन्यो नदीवर ट्राउटची मासेमारी खुली होते. त्या सकाळी मी नेहमीसारखा ओनोरिनाकडे पिसं आणायला गेलो. ती ठिपक्याठिपक्यांचे कोंबडे पाळते. त्यांचं पीस गळाला गुंडाळलं की पाण्यावर माशी बसल्यासारखीच दिसते आणि मासा फसतो. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, तरी बोटांनी चाचपून बारा पिसांची जुडी बांधते. माझ्यासाठी सगळ्यात चांगली राखून ठेवते, कारण मी तिच्या नवऱ्याचा, बाउदिलिओचा, जिवलग मित्र.

"एवेलिओ," जुडी हातात देताना ती दरवर्षीसारखंच म्हणाली, "तो गिरणीच्या डोहाकडे कशाला गेला असेल रे? जन्मात कधी तिथं गळ टाकला नव्हता त्यानं."

"कुणास ठाऊक," मी खाली बघत पुटपुटलो. नऊ वर्षं हेच पुटपुटतोय.

ठाऊक फक्त मलाच होतं. आमच्या खोऱ्यात मासे कुठं आहेत ते कुणी खरं सांगत नाही. विचारणाराही ते जाणून असतो. तुम्ही 'इथं काही नाही' म्हणालात की तो हसतो, दोन शिव्या घालतो आणि तिथंच पाण्यात उतरतो. नऊ वर्षांपूर्वी, मासेमारीच्या पहिल्याच दिवशी, मी दगडी पुलाखाली उभा होतो. मासे नुसते वेड्यासारखे लागत होते, पिशवीत पाच पडले होते. धुक्यातून काठावरून बाउदिलिओनं हाक मारली, "काय रे, लागतंय का काही?"

"काही नाही इथं," मी ओरडलो. "वर गिरणीच्या डोहाकडे जा."

मला वाटलं, आता शिव्या घालेल. तो "बरं" म्हणाला आणि निघून गेला. सगळ्या खोऱ्यात माझ्यावर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता, आणि तेही मला त्याच दिवशी कळलं. वितळलेल्या बर्फाच्या पाण्यानं डोहाचा काठ आतून पोखरला होता. तो त्याच्या पायाखालून ढासळला. तिसऱ्या दिवशी त्याचं प्रेत सापडलं. मी मात्र त्याच्या घरी बसून ओनोरिनाच्या हातचं लसणाचं सूप प्यालो, आणि तिनं विचारल्यावर खालमानेनं पुटपुटलो, कुणास ठाऊक.

तर यंदा. तोच पूल, तसंच धुकं. पहिलाच ट्राउट लागला, तो मी पिशवीत टाकला. मग पाण्याचा आवाज लांब गेल्यासारखा झाला. ओल्या लोकरीचा वास आला... काठावरच्या खड्यांवर बूट वाजले, पाणी भरलेले बूट. माझ्या पाठीमागे येऊन थांबले.

"काय रे... लागतंय का काही?"

मी वळलो नाही. गरजच नव्हती. मनात म्हणालो, सांग. इथंच आहेत, ये खाली, एवढंच सांग. तेवढ्यात माझ्या पिसाशेजारी एक मोठा मासा वर आला, आणि ही मेली जीभ बोलून गेली, "काही नाही इथं. वर गिरणीच्या डोहाकडे जा."

"बरं," तो म्हणाला. बूट वाजत वाजत वर गेले.

मेलेल्या मित्राला मासे लागणारी एक जागा देववली नाही मला. मी पाण्यातच उभा राहून रडलो. मग गळ गुंडाळला आणि तसाच ओला ओनोरिनाकडे गेलो. ती स्वयंपाकघरात पिसं निवडत होती.

"त्या दिवशी मीच त्याला पाठवलं," मी दारातूनच म्हणालो. "त्यानं मासे लागताहेत का विचारलं, आणि मी..."

"काय म्हणालास?"

मी हळूच सांगितलं.

"असं नको. नदीवर म्हणालास तसं म्हण."

मी ओरडलो, "काही नाही इथं! वर गिरणीच्या डोहाकडे जा!"

तिचे हात थांबले.

"दरवर्षी आजच्या दिवशी तो या दारात येतो," ती म्हणाली. "हेच शब्द बोलतो. पण आवाज त्याचा नसतो. कुणाचा ते मला नऊ वर्षं ओळखू येईना. माझ्यापुढे तू नेहमी खालमानेनं पुटपुटत बोलतोस ना, म्हणून."

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तिनं माझ्या खांद्यावरून दाराकडे मान वळवली.

"आता सापडला ना आवाजाचा धनी," ती हळुवारपणे म्हणाली. "आता तुझ्या आवाजात बोल, बाउदिलिओ."

ओल्या लोकरीचा वास आला. अगदी कानामागे, नऊ वर्षांपूर्वीच्या त्याच हसऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, "काय रे... लागतंय का काही?"

खांद्यावरची पिशवी एकदम जड झाली. पकडला मी एकच होता, पण आत आणखी पाच शेपट्या आपटत होत्या, त्या दिवसाइतक्याच. ओनोरिना पिसं बाजूला ठेवून माझ्या उत्तराची वाट बघत होती.