उपाशी रातकिडे

रोज पोटभर जेवणारा प्राणी उपासमारीने आजारी पडेल का? दोन वर्षांपूर्वी कोणी मला हे विचारलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

तेव्हा मी, केतकी कुबल, अकरा वर्षांची होते आणि चंद्रावरच्या वसाहतीत राहत होते. माझे बाबा मालवणचे. वसाहतीचं स्वयंपाकघर ते सांभाळायचे. मी सांभाळायचे ठिपकोजीला. ठिपकोजी म्हणजे पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, वीतभर लांबीची बिबट्या-पाल. पाल म्हटल्यावर लगेच नाक मुरडू नका. तो भिंतीवर चढत नाही, चावत नाही आणि माझ्या तळहातावर डोळे मिटून झोपतो.

त्या महिन्यात मात्र त्याचे पाय थरथरायला लागले. पोट जमिनीवरून उचलेना. जबडा तर रबरासारखा मऊ झाला. आणि जेवण? ते रोजच्यासारखं, सहा रातकिडे, एकही न टाकता!

वसाहतीच्या पशुवैद्य डॉ. फरीदा मुकादम यांनी त्याचं क्ष-किरण चित्र (शरीरातली हाडं दाखवणारं चित्र) काढलं. हाडं इतकी फिकट, की शोधावी लागत होती.

"चंद्राचं गुरुत्वाकर्षण (खाली ओढणारं बल) पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याएवढंच," त्या म्हणाल्या. "हाडांवर भार पडत नाही, म्हणून ती विरळ झाली असणार. शुक्रवारच्या यानाने याला पृथ्वीवर पाठवू."

"पण डॉक्टर, यान उतरताना केवढे धक्के बसतात!"

"हो बेटा. कदाचित तो तग धरणार नाही. पण इथे ठेवला, तर नक्कीच नाही."

मी बाहेर येऊन भिंतीला टेकून रडले. शुक्रवारला तीन दिवस होते.

तिथे मला टिपण भेटला. टिपण हा आम्हा मुलांना शिकवणारा यंत्रमानव. प्रश्न विचारला की उत्तर द्यायचं सोडून उलट प्रश्नच विचारायचा, म्हणून मला त्याचा भारी राग यायचा.

"ठिपकोजीची बहीण प्रयोगशाळेत आहे. तिचे पाय थरथरतात का?" त्याने विचारलं.

आम्ही जाऊन पाहिलं. बहीणबाई दगडावर ताठ उभ्या होत्या. दोघं एकाच वेळच्या अंड्यांतली, एकाच यानाने आलेली. दोघांच्या डोक्यावर सारखाच अतिनील दिवा (उन्हातले काही अदृश्य किरण देणारा दिवा). रातकिडेसुद्धा एकाच पेटीतले.

"गुरुत्वाकर्षणही दोघांना सारखंच!" मी ओरडले. "मग दोष त्याचा कसा?"

"आता कुठे शोधायचं?"

"जे दोघांचं वेगळं आहे, त्यात."

"छान. तू रोज काय करतेस ते मला दाखव. सांगू नकोस, करून दाखव."

मी प्रयोगशाळेतून आलेली पेटी उघडली. आत पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे, रातकिड्यांना लपायला. सोबत गाजराचे काप आणि शेवग्याचा पाला. मी पाला आणि गाजर काढून टाकलं. रातकिड्यांच्या अंगावर पांढरी भुकटी होती, ती मऊ कुंचल्याने झाडली. मग ओल्या कापसाच्या बोळ्यासकट त्यांना रिकाम्या डब्यात ठेवलं.

"हे आता दोन दिवसांनी ठिपकोजीला द्यायचे," मी म्हणाले.

"भुकटी का झाडलीस?"

"चांद्रधूळ झाडल्याशिवाय काही आत आणायचं नाही, हे तूच शिकवलंस ना?"

"आणि दोन दिवस उपास कशाला?"

"पोट साफ व्हायला! बाबा तिसऱ्या (शिंपल्यांतले जीव) रात्रभर पाण्यात ठेवतात, वाळू टाकून द्यायला. कोळंबीच्या पाठीतला काळा दोराही काढतात. घाण कुणी वाढतं का?"

टिपणने डब्यातल्या रातकिड्यांकडे बोट दाखवलं. "कोळंबीचं आपण फक्त मांस खातो. ठिपकोजी रातकिडा कसा खातो?"

"अख्खा."

"पोटासकट?"

मी काढून टाकलेल्या पाल्याकडे पाहिलं.

मग टिपणने पहिल्यांदाच सरळ उत्तर दिलं. कीटकांना आपल्यासारखी हाडं नसतात, म्हणून त्यांच्या अंगात कॅल्शियम (हाडं घट्ट करणारं खनिज) फारच थोडं असतं. ते खाण्यातून मिळालं नाही, तर शरीर आपल्याच हाडांतून काढून रक्ताला पुरवतं. म्हणून रातकिड्यांना आधी एक-दोन दिवस चांगलं खाऊ घालायचं. ते पालीच्या पोटात जातं. आणि देण्याच्या अगदी आधी त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं.

"म्हणजे ती धूळ नव्हती..."

"नव्हती. प्रयोगशाळेतून रातकिडे पोटभर खाऊन, कॅल्शियम लावून तयारच येतात."

मी ठिपकोजीला रोज रिकामा डबा देत होते. तोही इतक्या प्रेमाने, इतका घासूनपुसून!

बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला झारा खाली ठेवला. "गो, तिसऱ्यांची रीत तिसऱ्यांक. सगळ्यांक कशी चालतली? पण ता डॉक्टरांक तूच जावन सांगूक होया."

मी डॉक्टरांकडे निघाले. डॉक्टर काय म्हणतील? मीच त्याला आजारी पाडलं होतं. तरी मी सगळं सांगितलं, उपासाचंही आणि कुंचल्याचंही. त्यांनी बहिणीचंही क्ष-किरण चित्र काढलं आणि दोन्ही चित्रं शेजारी लावून पाहिली.

"मी हाडं तपासली, दिवा तपासला. तुझा डबा तपासायचं मला सुचलं नाही," त्या म्हणाल्या. "या शुक्रवारी तो जाणार नाही. पुढचं यान सत्तावीस दिवसांनी आहे. तेवढा वेळ आपल्याला आहे."

रोज कॅल्शियमचे थेंब त्याच्या तोंडात, आणि रातकिड्यांना शेवग्याची मेजवानी. ठिपकोजीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा रातकिडा द्यायचा नाही. उरलेले लगेच काढून घ्यायचे, नाहीतर तेच त्याला कुरतडतात. हे सगळं मी शिकले. पंधरा दिवस काहीच फरक दिसला नाही. एकोणिसाव्या दिवशी ठिपकोजीने पोट जमिनीवरून उचललं आणि चार पावलं चालला. मी इतकी मोठ्याने हसले की तो घाबरून बसला.

जबडा थोडा वाकडा राहिला, तो राहिलाच. पण पुढचं यान त्याला न घेताच गेलं.

यंदा मंगळावरच्या नव्या वसाहतीत पाली जाणार आहेत. त्यांच्यासोबत जाणारं सूचनापत्रक डॉक्टरांनी मला लिहायला सांगितलं. दिवसभर विचार करून मी पहिली ओळ लिहिली: "पालीला जेवू घालण्याआधी, रातकिड्याला जेवू घाला."