सकाळी काय खाल्लंत?

मुलाखत सुरू होण्याआधी कानमास्तर प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत : "सकाळी काय खाल्लंत?" उत्तराशी त्यांना काही देणंघेणं नसे. माणूस बोलता झाला, की त्याच्या आवाजाचा अंदाज येई आणि यंत्राची बटणं जुळवता येत. माहितीपटांसाठी आवाज टिपण्यात एकतीस वर्षं गेली होती. कमाई म्हणजे हे टोपणनाव आणि हजारभर न्याहाऱ्यांचं निरुपयोगी ज्ञान.

पुठ्ठ्याच्या कारखान्याच्या व्यवस्थापकांनाही त्यांनी तेच विचारलं.

"चहा. दोन टोस्ट. अर्धं केळं," व्यवस्थापक म्हणाले. "उरलेलं अर्धं बायकोनं खाल्लं. तेही हवंय का?"

सगळे हसले. मग त्याच तोंडानं त्यांनी सांगितलं, की वर्षापूर्वी बांधणी विभागात आग लागून सात जण गेले तेव्हा दार उघडंच होतं. सातही कामगार गांगरले, त्यांना दार सापडलं नाही, एवढंच.

 आदल्याच दिवशी त्या सातांपैकी एकाची बायको कानमास्तरांच्या माइकसमोर बोलली होती. पाळी संपेपर्यंत कुणी बाहेर पडू नये म्हणून त्या दाराला रोज बाहेरून कुलूप असायचं. "आग लागल्यावर धावत गेले, ते तापलेलं कुलूप मी या हातानं धरलं होतं, मास्तर," म्हणून तिनं तळहात पुढे केला होता. कातडी अजून गुळगुळीत आणि गुलाबी होती.

दुसऱ्या दिवशी संकलनाच्या खोलीत दिग्दर्शकानं सांगून टाकलं, "बाईंचं काढायचं. चौकशीचा अहवाल म्हणतोय दार उघडं होतं. आपण कशाला वाकड्यात शिरायचं?"

"अहवाल लिहिणाऱ्यानं तो तळहात पाहिलाय का?"

"तुम्ही आवाज सांभाळा, मास्तर. सत्य मी सांभाळतो."

कानमास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जन्मभर दुसऱ्यांचंच बोलणं ऐकलेला माणूस; भांडणं त्यांच्या अंगात नव्हतं. त्यांनी रागारागानं व्यवस्थापकांची टेप लावली.

चाचणीचा, म्हणजे न्याहारीच्या प्रश्नाचा भाग आला. तोच जड, खाकरलेला आवाज.

"काही नाही खाल्लं. तिला ताप होता, उठवलं नाही. रात्रीचं उरलं होतं, ते तिच्यासाठी झाकून ठेवलं."

 कानमास्तरांनी टेप मागे घेतली. पुन्हा लावली. पुन्हा तेच.

"आवाज कुणाचा आहे?" कानमास्तरांनी विचारलं.

"व्यवस्थापकांचाच."

"आणि शब्द?"

दिग्दर्शकानं घाम पुसला. "चाचणी कोण वापरतंय? पुसून टाका. बाईंची टेपही पुसा. आजच."

"पुसतो हं," असं म्हणून कानमास्तरांनी दोन्ही टेपा पिशवीत टाकल्या, यंत्र खांद्याला लावलं आणि जिना उतरले. असं खोटं ते आयुष्यात पहिल्यांदाच बोलले होते, आणि त्याची त्यांना तिळमात्र लाज वाटली नाही.

बाई घरी कपडे वाळत घालत होत्या. कानमास्तरांनी काही समजावलं नाही. यंत्र टेबलावर ठेवून बटण दाबलं.

बाईंनी ऐकलं. ओला सदरा हातातच राहिला.

"त्या दिवशी सकाळी मला ताप होता," त्या हळूच म्हणाल्या. "हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं."

यापुढे टेपवर व्यवस्थापकांची मुलाखत होती. कानमास्तरांना ती शब्दन् शब्द पाठ होती. ती सुरू झाली नाही.

टेपच्या चकत्या फिरत राहिल्या.

बाई यंत्राजवळ वाकल्या.

"अहो," त्यांनी विचारलं, "दार उघडलं का?"

कानमास्तरांनी यंत्राकडे पाहिलं. ध्वनिमुद्रणाचं बटण वरच होतं, दाबलेलं नव्हतं. यंत्र फक्त वाजत होतं.

आवाजाचा काटा किंचित हलला. व्यवस्थापकांचा आवाज, अगदी माइकला ओठ लावल्यासारखा :

"अजून नाही."