कोरा राहिलेला उन्हाळा

“तू माझी ताई नाहीस... वैरीण आहेस!”

धाकटीने गोलकीपरचे हातमोजे टेबलावर आपटले, आणि भाजी चिरणाऱ्या थोरलीची सुरी थांबली! उद्या अंतिम सामना, आणि आज प्रशिक्षकांनी धाकटीला संघातून वगळले होते... कारण थोरलीनेच त्यांना सांगितले होते, की रविवारी चेंडू कपाळावर बसल्यापासून पोरीला गरगरते आहे आणि ती ते लपवते आहे. शिवाय महिन्यापूर्वीच्या जनुक-तपासणीचा अहवालही त्यांच्यापुढे ठेवला होता: डोक्याला मार बसला, तर सावरायला हिला जास्त वेळ लागण्याची शक्यता!

“शक्यता, ताई! नक्की काहीच नाही, असं डॉक्टरच म्हणाले ना? गालाच्या आतून काडी फिरवून माझं नशीब ठरवणार तू?”

“रिपोर्टमुळे नाही गं... मार बसलाय म्हणून. बरी झालीस की खुशाल खेळ. पण उद्या नाही.”

“हिला काय सांगतेस?” बाबा दारातून धाकटीकडे पाहत कडाडले. “स्वतः ऐन मोसमात खेळ सोडून घरी बसली! भित्री ती भित्रीच!”

आठ वर्षे हा शब्द थोरलीने मुकाट्याने गिळला होता. खरे सांगितले असते, तर बाबांनी धाकटीला मैदानात पाऊलसुद्धा टाकू दिले नसते... आणि चेंडू दिसला की त्या पोरीचा चेहरा कसा उजळायचा! पण आज गप्प बसणे म्हणजे तिला हाताने विहिरीत ढकलणे होते.

तिने कपाटातून दुसरा अहवाल काढला. तिचा स्वतःचा, गुपचूप करून घेतलेला. निष्कर्ष तोच.

“मी घाबरले नव्हते, बाबा. मलाही डोक्याला असंच लागलं होतं. निवड हुकेल म्हणून लपवलं, चौथ्या दिवशी पुन्हा उतरले... आणि पुन्हा लागलं. तो अख्खा उन्हाळा मला आठवतच नाही!”

बाबांनी अहवाल हातात घेऊन वाचला. “पोरी... आणि मी तुला...”

धाकटी ताईजवळ आली. “त्याच उन्हाळ्यात तू मला पहिल्यांदा मैदानावर नेलंस ना? मी गोल अडवला, तू मला खांद्यावर घेऊन नाचलीस... दर वाढदिवसाला मी ते सांगते, आणि तू हसतेस!”

“तू इतक्या आनंदाने सांगतेस गं... म्हणून हसते.”

धाकटी हुंदका देत तिच्या गळ्यात पडली. मग तिने डोळे पुसले, ताईचा हात हातात घेतला आणि म्हणाली, “उद्या आपण डॉक्टरांकडे जाऊ. आत्ता बस इथे... मी तुला पहिल्यापासून सगळं सांगते.”